इंजिन होईपर्यंत

"सही झाली?" मामांनी गाडीखालून विचारलं.

"झाली."

"दोघांची?"

"दोघांची."

"मग सतराचा पाना द्या."

मी सतराचा पाना दिला. गाडीखालून एक ग्रीस लागलेला हात बाहेर आला आणि पाना घेऊन परत आत गेला. तो हात मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा होता. दोनच दिवसांपूर्वी, शुक्रवारी, कोर्टात मी आणि ऊर्मिलानं परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या अर्जावर सह्या केल्या होत्या. कायदा अशा वेळी सहा महिने थांबायला सांगतो. तेवढ्यात डोकी थंड होतील अशी कायद्याची समजूत असते. आमची डोकी आधीपासूनच थंड होती, किंबहुना अडचण तीच होती. ती नोकरीसाठी बंगळूरला गेली, मी कोल्हापुरात राज्यशास्त्र शिकवत राहिलो, आणि एकमेकांशिवाय आपलं काहीच अडत नाही हे दोघांच्याही हळूहळू लक्षात आलं. भांडण झालं असतं तर निदान लोकांना सांगायला काहीतरी राहिलं असतं. सही केल्यावर काहीतरी वाटेल म्हणून मी कॉलेजातून दोन दिवसांची रजा काढून ठेवली होती. काही वाटलं नाही. रजा वाया गेली.

आणि रविवारी सकाळी मामांचा फोन आला होता. "मोकळं हायसा काय? इंजिन उतरवूया म्हणतो. दोन माणसं लागत्यात."

गाडी म्हणजे बीटल. कासवाच्या आकाराची, फिकट निळी. मामांच्या वडिलांनी ती मिरजेहून मायदेशी परत निघालेल्या एका जर्मन डॉक्टरकडून घेतली होती. तिचं पुढचं झाकण उघडलं की स्टेपनी दिसते आणि मागचं उघडलं की इंजिन. पाणी नाही, रेडिएटर नाही. मागच्या काचेखाली फटी आहेत, त्यातून पंखा हवा ओढतो आणि त्या हवेवर इंजिन थंड राहतं. एवढंच. इंजिन गाडीला नुसतं चार नटांवर लटकलेलं असतं. चार नट सोडले आणि खाली जॅक धरला की ते अलगद हातात येतं. आमच्या लग्नाला साडेतीनशे माणसं होती, तरी ते त्याहून सोपं सुटलं.

"धरा, धरा... सावकाश! पावणं, तुमच्याकडचं खाली चाललंय."

मी थबकलो. लग्नानंतरची सहा वर्षं ते मला 'रणजितराव' म्हणत. आज 'पावणं' झालो होतो. आमच्याकडे पावणं कुणालाही म्हणतात. जावयाला, व्याह्याला, एसटीत शेजारी बसलेल्याला. मामांनी दोन दिवस विचार करून शोधलेला शब्द असणार. चुकीचा म्हणता येईना, आणि बरोबर आहे असंही नाही.

इंजिन जॅकवर बसलं, गाडीचं बूड उंच झालं. मामा बाहेर आले, पाठ सरळ करत बाकड्यावर टेकले. उद्यमनगरातल्या त्यांच्या फाउंड्रीच्या मागची ही शेड. रविवार असल्यामुळे भट्टी गार होती. त्यांनी खिशातून बाइंडिंग वायरचं वेटोळं काढलं आणि सुटलेल्या पेट्रोलच्या नळीचं तोंड आवळून बांधलं. ही वायर त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असे, जसं दुसऱ्यांच्या खिशात पेन असतं. सायलेन्सर, चष्म्याची काडी, एकदा तर मामींच्या कुकरचं हँडल, सगळं त्यांनी तिच्यावर सांभाळलं होतं.

"ताकद वाढवायची," मामा म्हणाले. "सिलिंडरचा बोअर मोठा, पिस्टन मोठं, कार्बोरेटर दोन. जोतिबाच्या घाटात तिसऱ्या गिअरवर चढली पायजे. बास."

हे कशासाठी ते मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नव्या जोडप्याला जोतिबाला नेतात. आम्हाला ह्याच गाडीतून नेलं होतं. घाटात निम्म्यावर, एका वळणाला, गाडीनं मान टाकली. बंद पडली नाही, नुसती चढेना. मामांनी सगळ्यांना उतरवलं आणि एकटे गाडी घेऊन वर गेले. नवी नवरी शालू सावरत, नवी जोडवी दगडांवर आपटत, वरपर्यंत चालली. मी मागून चाललो. मामींचं मत होतं की सगळं तिथंच बिनसलं. "देवाच्या दारात मागं-पुढं होऊन गेलीसा," असं त्या माझ्या तोंडावर म्हणत आणि वर भाकरी वाढत.

मामांनी तेव्हापासून इंजिन उघडायचं म्हणून ठेवलं होतं. सहा वर्षं जमलं नाही. आता जमलं.

"ऊर्मिलाला सांगितलंय मी," मामा हात पुसत म्हणाले, माझ्याकडे न बघता. "तिचं म्हणणं, आता कशाला बोलवायचं त्यांना. लोक इचारत्यात. बरोबरच हाय तिचं. मी म्हटलं, इंजिनापुरतं. तेवढं पुस्तक वाचायला माणूस पायजे."

"मग?"

"मग ती म्हणाली, इंजिन होईपर्यंत येऊ द्यात. त्यानंतर बास."

"बरं," मी म्हणालो.

पुस्तक म्हणजे जर्मन डॉक्टरनं गाडीबरोबर दिलेलं दुरुस्तीचं पुस्तक. मी कॉलेजात असताना जर्मनच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, कशासाठी ते आता आठवत नाही. त्या ज्ञानाचा आयुष्यात झालेला एकमेव उपयोग म्हणजे दर रविवारी त्या शेडमध्ये स्टुलावर बसून नटबोल्टांचं मराठी करणं.

पंख्याचं पत्र्याचं घर काढलं तेव्हा आत उंदराचं घरटं निघालं. चिंध्या, उसाचं वाळकं पाचट, कापूस, सुतळी. ऑइल कूलरच्या पट्ट्यांमध्ये ते ठासून बसलं होतं. ऑइल कूलर म्हणजे तिसऱ्या सिलिंडरच्या डोक्यावरची छोटी जाळी. तिच्यातून गेलेली हवा पुढे त्याच सिलिंडरला मिळते. तिथं अडलं की तिसरा तापतो.

मी पुस्तकात बघितलं. ते पान ठळक अक्षरांत होतं. "हवेचा मार्ग मोकळा नसेल तर इंजिन तापतं, ताकद पडते आणि चढावर..." मी थांबलो.

"चढावर काय?"

"चढावर गाडी ओढत नाही."

मामांनी ते घरटं दोन बोटांनी उचललं. चांगलं जुनं होतं, किमान सहा-सात वर्षांचं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. मला जे कळलं होतं ते त्यांना माझ्या आधी कळलं होतं. एवढं साफ करून इंजिन परत चढवलं असतं तर गाडी होती तशीच्या तशी जोतिबाला गेली असती. संध्याकाळपर्यंत काम संपलं असतं.

त्यांनी घरटं बाहेर कोळशाच्या ढिगावर टाकलं.

"ते न्हवं काय," ते म्हणाले. "ताकदच कमी हाय मुळात."

"हो," मी म्हणालो. "ताकद वाढवायलाच पाहिजे."

*

ह्या इंजिनाचे चारही सिलिंडर सुटे असतात. प्रत्येकाला बाहेरून पातळ कड्या, एकावर एक, हवा लागावी म्हणून. त्या मापाचे मोठे सिलिंडर बाजारात मिळणं शक्य नव्हतं, म्हणून मामांनी स्वतःच्या भट्टीत ओतायचं ठरवलं. पहिल्या खेपेला कड्या साच्यात भरल्याच नाहीत, सिलिंडर करवतीच्या पात्यासारखे निघाले. दुसऱ्या खेपेला दोन बरे निघाले आणि दोन आतून फुगलेले. मामांनी आयुष्यभर शेतीपंपांचे भाग ओतले होते, त्यांना एवढं नाजूक काही करायची सवय नव्हती. त्यांना राग आला नाही. "परत ओतूया," म्हणाले. भट्टी लागायला पंधरा दिवस. मीही म्हणालो, घाई नाही.

पिस्टन जुन्या बाजारातून आणले. चारही एका वजनाचे पाहिजेत, असं पुस्तकात होतं. फरक असला तर इंजिन थरथरतं. एवढा बारीक काटा उद्यमनगरात कुठला मिळायला? मामींनी मार्ग काढला. "गुजरीत चला की. चांदीचा काटा असतोय तिथं."

तर एका रविवारी मी, मामा आणि मामी, चार पिस्टन फडक्यात बांधून, गुजरीतल्या त्यांच्या नेहमीच्या सराफाकडे गेलो. ऊर्मिलाचं मंगळसूत्र इथलंच. सराफानं फडकं सोडलं आणि चष्मा वर केला.

"मोडायला आणलंय काय?"

"मोड न्हाई. वजन करायचं," मामा म्हणाले.

"चांदी न्हाई ही, इंगवलेसाहेब."

"ते आम्हालाबी म्हाईत हाय. करा तुम्ही."

सराफानं एकेक पिस्टन काट्यावर ठेवला. जड निघाला तो मामा दुकानाच्या पायरीवर घेऊन बसत आणि आतल्या बाजूनं कानशीनं घासत. मग परत काटा. मग परत पायरी. अ‍ॅल्युमिनियमचा भुगा पायरीवर पडत होता आणि मामी तो सवयीनं कागदात गोळा करत होत्या, गुजरीत खाली पडलेलं काही सोडत नाहीत म्हणून. दुकानात कुणाच्यातरी लग्नाची खरेदी चालली होती, ती सगळी मंडळी आमच्याकडे बघत होती.

सराफाचं लक्ष माझ्यावर गेलं. "हे जावई न्हवं तुमचं?"

कानस थांबली. मामी कागदाची पुडी बांधू लागल्या. मला उत्तर माहीत नव्हतं, म्हणून मीही मामांकडे बघितलं.

"हे गाडीचं हायत," मामा म्हणाले आणि परत घासायला लागले.

*

ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुसऱ्या सहीसाठी ऊर्मिला आली. कोर्टात दहा मिनिटं लागली. न्यायाधीशांनी विचारलं, पुन्हा विचार केला का? ती म्हणाली, हो. मी म्हणालो, हो. दोन्ही 'हो' एकाच अर्थाचे निघाले. आमचं असं एकमत लग्नात फार कमी वेळा झालं होतं.

संध्याकाळच्या गाडीला वेळ होता म्हणून ती शेडमध्ये आली. इंजिन बाकड्यावर जोडत आणलं होतं. चौथा सिलिंडर तेवढा बाकी होता. फाउंड्रीवाल्याची मुलगी ती. पर्स खुर्चीवर टाकून तिनं आधी त्या सुट्या सिलिंडरमध्ये बोट घातलं आणि घासून गुळगुळीत केलेल्या आतल्या बाजूनं फिरवलं.

"होनिंग मस्त झालंय. बाबा, कुणी केलं?"

"पावण्यांनी."

तिनं माझ्याकडे बघितलं. सहा वर्षांच्या संसारात तिनं माझ्या कुठल्या कामाला मस्त म्हटल्याचं मला आठवत नाही. तसं मी काही केलंही नव्हतं.

मामा चहा सांगायला घरात गेले.

"कधी होणार?" तिनं विचारलं.

"दसऱ्याला. मुहूर्तावर घाट चढवायचा म्हणतात."

"ऑगस्टमध्ये होणार होतं ना?"

"पंख्याचं घर रंगवायला एक रविवार गेला. मग पहिला रंग आवडला नाही. मग टॅपेटच्या फटीबद्दल पुस्तकात एक शब्द होता, त्याचा अर्थ लागेना. शब्दकोश बघावा लागला."

"कुठला शब्द?"

"फट."

ती हसली नाही. तिनं फडक्यानं बोट पुसलं. "हे बघ रणजित, मी बाबांना सांगितलंय. आता शेवटचं. तू रविवारी येतोस, आई तुझ्यासाठी वेगळं कालवण करते, मग आठवडाभर गल्लीतल्या बायकांना उत्तरं देते. तुलाही हे चांगलं नाही. कुठंतरी संपवायला लागतं."

"बरोबर आहे."

"खरंच वाटतं का तुला बरोबर?"

मी विचार केला. आत बघितलं तर काही सापडलं नाही. निदान बोट घालून तपासता येईल असं काही. "मला तसं काही वाटत नाही," मी म्हणालो. "पण बरोबर आहे."

"हेच," ती म्हणाली. "हेच म्हणते मी." आणि तिनं पर्स उचलली.

*

इंजिन पहिल्याच चावीला सुरू झालं. आवाज पहिल्यापेक्षा जाड आणि भरदार. शेजारच्या लेथवाल्यांनी येऊन कान लावला. मामा त्यांच्याशी बोलले नाहीत. चेहरा असा की कुणी वारल्याचा निरोप आलाय.

आता ते त्या फटींच्या बाबतीत फार कडक झाले. एकदा मामींनी धुतलेला टॉवेल वाळायला गाडीच्या पाठीवर पसरला. मामा घरातून ओरडत आले.

"अगं, काय करतीस! त्या फटीनं श्वास घेतंय ते!"

"टॉवेल हाय. एवढं काय?"

"बोअर मोठा केलाय, ताकद वाढलीया. जेवढी ताकद तेवढी उष्णता. पाच मिनिटं हवा अडली तर तिसरा सिलिंडर धरंल, पिस्टन आत जाम हुईल. सहा महिन्यांची मेहनत जाईल."

"सहा महिन्यांची मेहनत," मामी टॉवेल झटकत म्हणाल्या, "जोतिबापर्यंत जायला. चालत गेलो असतो तर कवाच पोचलो असतो."

दसऱ्याला सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. परतीचा पाऊस रात्रीच पडून गेला होता आणि ढग अजून हलायला तयार नव्हते. सूर्य असा दिसलाच नाही. मामींनी गाडीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि झेंडूचा एक जाड हार माझ्या हातात दिला. पहाटे देवघरासमोर बसून स्वतः ओवलेला. अजून ओला होता.

"पुढं बांधा," मामा म्हणाले. "मागं बिलकूल न्हाई. मागं हवा हाय."

मी पुढच्या बंपरला बांधला. मामांनी ओढून बघितला.

"तू येत न्हाईस?" त्यांनी मामींना विचारलं.

"एकदा चालले तेवढं बास झालं मला." मग त्या माझ्याकडे वळल्या. पदराला हात पुसले. "रणजित, पुरणपोळी ठेवलीया. आलासा की जेवून जावा. आजच्या दिवस."

आजच्या दिवस. त्यांच्या तोंडून ते नुसतंच बोललं गेलं आणि मग तिघांनाही ऐकू आलं.

"चला," मामा म्हणाले. "तुम्हीच चालवा, पावणं."

गाडी काय पळाली! गिअर टाकायच्या आधीच पुढे निघायची. मी पस्तिशीत होतो आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी केलेली एखादी गोष्ट माझ्या अपेक्षेपेक्षा चांगली झाली होती. पंचगंगेचा पूल, मग रत्नागिरी रस्ता. केर्ली आली. इथून जोतिबाचा घाट लागतो.

"चहा घेऊया," मामा म्हणाले.

"आत्ताच निघालोय आपण."

"घेऊया की. काय गडबड हाय?"

मामा एरवी चहा बशीत ओतून दोन घोटांत संपवत. त्या दिवशी तो कप किती वेळ चालला! टपरीवर जोतिबाला निघालेली माणसं येत होती, जात होती. समोर डोंगर, ढगात शिखर बुडालेलं. मामांनी मला कॉलेजातल्या परीक्षा विचारल्या, माझ्या खोलीत गळती होते का ते विचारलं, हातानंच करता की डबा लावलाय हे विचारलं. सहा महिन्यांत त्यांनी असलं काही विचारलं नव्हतं. आम्ही फक्त नटांबद्दल बोलत असू.

"वर चढली की झालं म्हणायचं," ते म्हणाले.

"हो."

"रविवारी काय करतासा एरवी?"

"काही नाही. पेपर वाचतो."

"दिवसभर?"

"पुरवणी असते."

मामांनी मान हलवली. "टायरातली हवा बघतो मागच्या," म्हणून उठले आणि गाडीकडे गेले. मी कप द्यायला टपरीच्या आत गेलो, तिथं सोनं वाटायला आलेलं एक कुटुंब होतं, त्यांनी मलाही आपट्याची पानं दिली, मी त्यांना तीच परत दिली. बाहेर आलो तेव्हा मामा पुढच्या सीटवर बसून समोर बघत होते. मी मागच्या बाजूनं न जाता सरळ दार उघडून आत बसलो.

गाडी सुरू केली. आरसा बघितला. मागच्या काचेच्या खालच्या कडेला केशरी पट्टा दिसत होता. जरासा हलत होता.

मी आरसा थोडा वर केला. आता त्यात आभाळ दिसायला लागलं.

घाट सुरू झाला. पहिलं वळण तिसऱ्या गिअरमध्ये गेलं. दुसरंही. मी पाय दाबला, तर गाडीनं आणखी ओढ घेतली, पुढच्या जीपवाल्यानं बाजू दिली. मामांनी दाराचं हँडल धरलं होतं.

"हितं," ते म्हणाले.

तेच वळण. रस्त्याकडेचा पांढरा दगड अजून तसाच होता.

"हितनं चालली ती."

"मीपण चाललो होतो."

"तुमचं काय. तुमच्या पायात बूट होते."

तिसऱ्या गिअरमध्ये, तिघा-चौघांना सहज बसवून नेता आलं असतं एवढ्या ताकदीनं, आम्ही ते वळण घेऊन वर निघून गेलो. मामांनी तोंड पलीकडच्या खिडकीकडे केलं आणि बराच वेळ तिकडेच ठेवलं. त्या बाजूला नुसती दरड होती.

आणखी दोन वळणं गेली. मग वास आला. आधी मला वाटलं देवळातून येतोय. भाजलेल्या फुलांचा, गोड आणि जळका. मग तेलाचा तांबडा दिवा लागला. मी मामांकडे बघितलं. मामांनी दिव्याकडे बघितलं.

"थांबवू?"

"बघा," मामा म्हणाले.

मी बघितलं. एवढ्यात मागून कर्रकन आवाज आला, चाकं धरली, मी क्लच दाबला आणि गाडी रस्त्याकडेला घेतली. तिथून देवळाचं शिखर दिसत होतं.

आम्ही उतरलो. मागे हार होता. फटींमधून बाइंडिंग वायर घालून, पीळ मारून, व्यवस्थित बांधलेला. निदान त्याचा दोरा होता. फुलं बहुतेक आत ओढली गेली होती. झाकण उघडलं तर वाफ आली. पंख्याच्या पात्यांना, ऑइल कूलरच्या जाळीत, रंगवलेल्या पत्र्यावर सगळीकडे झेंडू. तिसऱ्या सिलिंडरच्या कड्यांमध्ये पाकळ्या तळलेल्या कांद्यासारख्या काळ्या पडलेल्या. हात लावण्यासारखं काही नव्हतं.

वायरचा पीळ दोन डावे, एक उजवा. तसा पीळ मी आयुष्यात एकाच माणसाचा बघितला आहे. पुढे पुष्कळ वर्षांनी मामा गेले, त्या दिवशी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात तसल्याच वायरचं वेटोळं निघालं. मामींनी ते कुणाला न विचारता माझ्या हातात ठेवलं. पण ते खूप नंतर.

मामांचा मोबाईल वाजला. तेव्हाच्या मोबाईलला अँटेना असायची, ती त्यांनी ओढून लांब केली.

"हां ऊर्मिला... तुलाबी, बाळा, सोनं घे... व्हय, घाटातच हाय... चढली की! वळणाच्याबी वर आली. तिसऱ्यावर." मग जरा वेळ ऐकत राहिले. "फक्त इंजिन धरलंय... तिसरा... काय ठाऊक... हार? हार पावण्यांनी पुढंच बांधला होता. मी स्वतः ओढून बघितला."

त्यांनी फोन माझ्याकडे दिला.

"रणजित," ऊर्मिला म्हणाली. "पुढं बांधला होतास?"

"हो."

"आणि आता कुठं आहे?"

"आता नाही," मी म्हणालो. हे खरं होतं.

पलीकडून बंगळूरचे हॉर्न ऐकू येत होते. फाउंड्रीवाल्याची मुलगी ती.

"म्हणजे परत उघडायला लागणार."

"लागेल. सिलिंडर नवीन ओतायचा. पिस्टन गेलाय. कदाचित क्रँकही बघावा लागेल."

"किती दिवस?"

"पहिल्या खेपेला कड्या नीट येत नाहीत," मी म्हणालो. "सांगता येत नाही."

"दोघंही..." ती म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "आईला सांग, पोळ्या गरम करून ठेव म्हणावं. तुम्हाला उशीर होणार." आणि फोन ठेवला.

आम्ही दरडीखाली दगडावर बसलो. इंजिन टकटक करत थंड होत होतं. वर जाणारे लोक गाडीकडे बघत होते, कुणीतरी "पाणी घाला, पाणी" म्हणून ओरडून गेलं. मामांनी जाळीतली एक अर्धवट पाकळी काढली, बोटांत चुरगाळली.

"रविवारी उतरवूया," ते म्हणाले.

"येतो."

"चार नट तर हायत."

"दोन माणसं लागतात पण."

"व्हय." त्यांनी बोटांवरची काळी पाकळी झटकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आरशात बघत न्हाईसा काय, गाडी चालवताना?"

"बघतो की."

"काय दिसलं न्हाई?"

"काहीतरी केशरी दिसलं," मी म्हणालो. "मला वाटलं, ऊन असेल."

मामांनी मान वर केली. आभाळ पांढरंफटक होतं, शिखर अजून ढगातच होतं, आणि हाताच्या पाठीवर पावसाचा पहिला बारीक थेंब पडला होता. तो त्यांनी सदऱ्याला पुसला.

"व्हय," ते म्हणाले. "लई कडक हाय आज ऊन."